सहा दिवस शब्दशः पटत नाहीत, पण येशूवर विश्वास आहे. मग मी ख्रिस्ती उरतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही चेंबूरचे, मराठी मंडळीत वाढलेले, दृढीकरण झालेले. मायक्रोबायॉलॉजी शिकून लॅबमध्ये नोकरी करता. जीवाणू पिढ्यान् पिढ्या बदलत औषधांना दाद देईनासे कसे होतात ते दिवसभर पाहायचं, आणि रात्री घरच्या प्रार्थनेत बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय, म्हणजे देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं ते, जसाच्या तसा घडला असं ऐकायचं, यात तुमची ओढाताण होते. सेल ग्रुपच्या, म्हणजे घरोघरी जमणाऱ्या छोट्या प्रार्थनागटाच्या, पुढाऱ्यांनी सांगितलं, ‘एक वचन नाकारलंत की येशूलाही नाकारलंत.’ तुमचे प्रश्न तीन: मी ढोंग करतोय का, सुरुवात कुठून करू, आणि आईला सांगू का.

मी बरीच वर्षं मंडळीत शास्त्राभ्यासाचे वर्ग घेतो. हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांची खरी अडचण सहसा सहा दिवसांची नसते. ती पुढाऱ्यांच्या त्या वाक्यात असते. त्या वाक्याने नोहाच्या तारवाची लांबी आणि प्रभूचं पुनरुत्थान एकाच गाठीत बांधून टाकली. मग विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान वाचलं की माणसाला वाटतं, आता प्रार्थनाही सोडायला हवी. ती गाठ शास्त्राने बांधलेली नाही, आणि ती सोडवणं हेच तुमचं पहिलं काम आहे.

जुन्या चाळीतल्या खोलीचं काम काढलं की मिस्त्री आधी कोणती भिंत भार पेलते आणि कोणती नुसती आडोशाची आहे ते बघतो. विश्वासातही तेच बघायचं. आपण उपासनेत प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो. त्यात पिता, निर्माणकर्ता; येशू, त्याचा जन्म, पंतय पिलाताच्या वेळचं दुःखसहन, मरण, पुनरुत्थान; पवित्र आत्मा, मंडळी, पापांची क्षमा, सार्वकालिक जीवन एवढं आहे. देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली हे आहे. किती तासांत, हे नाही. मंडळीने भार कुठे ठेवला ते यावरून कळतं.

‘पण पूर्वी सगळे शब्दशःच मानायचे ना?’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल. तसं नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने विचारलं होतं की सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर त्याआधीचे तीन दिवस, त्यांची संध्याकाळ आणि सकाळ कशी मोजायची? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टीनने उत्पत्तीवर लिहिताना बजावलं की आकाश-पृथ्वीबद्दल बाहेरच्या जाणत्या लोकांना पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टींत ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाने अज्ञान पाजळलं, तर पुनरुत्थानाबद्दल ते त्याचं का ऐकतील? त्याच्या मते निर्मिती एकाच क्षणात झाली, सहा दिवस ही मांडणी आहे. १५५४ मध्ये प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनने उत्पत्तीच्या भाष्यात मान्य केलं की खगोलशास्त्रज्ञांच्या हिशोबाने शनी चंद्रापेक्षा मोठा आहे. मोशेने चंद्राला मोठी ज्योती म्हटलं, कारण तो साध्या माणसाच्या डोळ्यांना दिसेल तसं लिहीत होता. यातला एकही माणूस अविश्वासी नव्हता, आणि डार्विन अजून जन्मायचा होता.

आज आपल्याकडे पत्रकांतून आणि यूट्यूबवरून शब्दशः वाचनाचं जे काटेकोर रूप येतं, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या १९१० ते १९१५ दरम्यान छापलेल्या ‘द फंडामेंटल्स’ या पुस्तिकांच्या मालिकेतून आणि शास्त्रात चूक नाही असं मांडणाऱ्या १९७८ च्या शिकागो जाहीरनाम्यातून आलंय. गंमत म्हणजे तो जाहीरनामाही गोळाबेरीज आकडे आणि कालक्रमाने नसलेली मांडणी यांना चूक मानत नाही, आणि लिखाणाचा प्रकार ओळखून वाचा असं सांगतो. कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच स्पष्ट केलं: शास्त्र आपल्या तारणासाठी लागणारं सत्य शिकवतं, आणि ते कळायला लेखकाने वापरलेला साहित्यप्रकार ओळखावा लागतो. म्हणजे वसईतला कॅथलिक मुलगा ज्या प्रश्नावर त्याच्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलू शकतो, त्याच प्रश्नावर तुम्ही एकटे पडलात. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून हे झालं नाही. तुम्ही कोणत्या मंडळीत बसता यावर ते ठरलं.

तेव्हा ढोंगाबद्दल: नाही. ढोंग तेव्हा होईल, जेव्हा पटत नसलेली गोष्ट तुम्ही दुसऱ्याला पटवायला लागाल.

आता सुरुवात. बहुतेक लोक उत्पत्ती विरुद्ध विज्ञान या वादापासून सुरू करतात आणि तिथेच रुततात, कारण तो वाद शास्त्राबाहेरचा पुरावा घेऊन शास्त्राकडे येतो. मी वर्गात उलटं करतो. शास्त्र स्वतःबद्दल काय दाखवतं ते आधी शास्त्रातच बघायचं. एक वही घ्या, पानावर मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला २ शमुवेल २४, उजव्या बाजूला १ इतिहास २१. दोन्हीकडे दावीद राजा लोकांची गणती करतो तीच घटना आहे. डावीकडे दाविदाला चिथावणारा परमेश्वर आहे, उजवीकडे सैतान. डावीकडे इस्राएलाचे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख. उजवीकडे अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. शिक्षा म्हणून पुढे ठेवलेला दुष्काळ डावीकडे सात वर्षांचा, उजवीकडे तीन. वेदीसाठी दावीद विकत घेतो त्या खळ्याचा मोबदला डावीकडे बैलांसकट ५० शेकेल रुपे, उजवीकडे त्या जागेचे ६०० शेकेल सोने.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे घाईने जुळवाजुळव: ५० शेकेल खळ्याचे, ६०० सगळ्या डोंगराचे, वगैरे. एखाद्या आकड्याला ते चालेलही, पण परमेश्वर आणि सैतान यांची जुळवाजुळव कशी करणार? दुसरी म्हणजे ‘पकडलं’ म्हणून वही मिटणं. त्याऐवजी विचारा, दुसऱ्या लेखकाने बदल का केला? १ इतिहास हे पुस्तक बंदिवासानंतरचं आहे. यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, लोक बंदी होऊन बाबेलला (बॅबिलोनला) गेले आणि परत आले. एवढं भोगल्यावर ‘देवानेच पापाला चिथावलं’ हे वाक्य त्या लेखकाला तसंच ठेवता आलं नाही. देवाच्या चांगुलपणाबद्दल तो जास्त खोल विचार करत होता. आणि ज्यांनी शास्त्र गोळा केलं, त्यांनी दोन्ही पुस्तकं ठेवली. त्यांना फरक दिसत नव्हता असं समजू नका. नीतिसूत्रे २६ मध्ये चौथं वचन म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवं म्हणतं दे. दोन वचनं एकाखाली एक ठेवणाऱ्या माणसाला वाचकाने प्रसंग ओळखावा असंच वाटत होतं.

तिसरा उतारा लहान आहे, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. १ करिंथ १:१४ ते १६. पौल लिहितो की क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यातल्या कोणाचा बाप्तिस्मा मी केला नाही. एका वचनानंतर त्याला आठवतं: हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला; आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही. हे देवाचं वचन म्हणून आपण वाचतो, आणि त्यात एका माणसाची स्मरणशक्ती अपुरी पडलेली दिसते. देवाने पौलाच्या हातातून लेखणी काढून घेतली नाही. लूकही सुरुवातीच्या चार वचनांत सांगतो की त्याने सगळ्याचा मुळापासून शोध करून मग लिहिलं. प्रेरणा म्हणजे काय, याची कल्पना अशा जागांवरून बांधा, कोणा वक्त्याच्या व्याख्येवरून नको. शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे म्हणणारं २ तीमथ्य ३:१६ हे वचनही लगेच तो कशाला उपयोगी ते सांगतं: शिकवण, दोष दाखवणं, सुधारणूक, नीतिशिक्षण. त्या यादीत खगोलशास्त्र नाही.

हे तीन उतारे पचले की उत्पत्तीकडे या. पहिला अध्याय सहा रकान्यांत लिहून काढा. पहिल्या दिवशी उजेड, चौथ्या दिवशी उजेड देणाऱ्या ज्योती. दुसऱ्या दिवशी आकाश आणि जल, पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन, सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. तीन जागा तयार होतात, मग त्या तीन जागा भरल्या जातात, आणि सातव्या दिवशी विसावा. ही उपासनेत मोठ्याने म्हणायला रचलेली मांडणी वाटते. बाबेलमध्ये सूर्य-चंद्रांची पूजा चालायची. इथे त्यांची नावंसुद्धा येत नाहीत, नुसती मोठी ज्योती, लहान ज्योती, देवाने लावलेल्या. राजाला देवाची प्रतिमा मानणाऱ्या जगात इथे प्रत्येक स्त्री-पुरुष देवाच्या प्रतिरूपाचा आहे. मग दुसरा अध्याय वाचा: तिथे आधी माणूस, मग झाडं, मग पशू, शेवटी स्त्री. क्रम वेगळा. दोन्ही वृत्तांत घडामोडींचा अहवाल म्हणून घेतले तर एकाला खोटं पाडावं लागतं. शब्दशः वाचण्याचा आग्रहच इथे शास्त्राला अडचणीत आणतो, विज्ञान नव्हे.

योनाचं पुस्तक ४८ वचनांचं आहे, एका बैठकीत दहा मिनिटांत होतं. योना संदेष्ट्याला गिळणाऱ्या माशावर अडकू नका. मासा तीन वचनांत येतो आणि जातो. देव योनाला ज्या निनवेला पाठवतो ती असिरियाची राजधानी, आणि याच असिरियाने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन जिंकून उत्तरेचं राज्य संपवलं. जमलं तर काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन असिरियन राजवाड्यांचे कोरीव शिलापट पाहा, म्हणजे त्या साम्राज्याचा दरारा काय होता ते कळेल. अशा शत्रूचं शहर पश्चात्ताप करतं, गुरंढोरंसुद्धा गोणपाट नेसतात, आणि देव क्षमा करतो म्हणून संदेष्टा रुसून बसतो. पुस्तक प्रश्नावर संपतं: एक लाख वीस हजार माणसं आणि एवढी जनावरं यांची मला कीव येऊ नये काय? हा प्रश्न ज्याला झोंबला, त्याला पुस्तक कळलं, मासा मानो वा न मानो. ‘पण प्रभूने स्वतः योनाचं नाव घेतलं’ असं कोणी म्हणेल. घेतलं. आपणही प्रभूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोनीचं उदाहरण देतो, आणि त्याचं गाव, नाव कोणी विचारत नाही.

सगळ्यात कठीण प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येईल. उत्पत्ती मांडणी आहे, योना बोधकथा आहे, मग पुनरुत्थानही तसंच का नाही? इथे माझं मत ठाम आहे. शब्दशः न वाचणं म्हणजे सगळंच रूपक करणं नव्हे. प्रत्येक लिखाण स्वतःबद्दल जो दावा करतं त्याप्रमाणे ते वाचायचं. उत्पत्ती १ मध्ये कोणी साक्षीदार उभा नाही. १ करिंथ १५ मध्ये आहेत. ते पत्र वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांत लिहिलेलं आहे. पौल म्हणतो, मला जे मिळालं ते तुम्हाला सोपवलं. मग केफा (पेत्र), बारा जण, पाचशेंहून अधिक बंधू, याकोब अशी नावं आणि गट देतो, आणि पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असंही सांगतो. शेवटी, ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं व्यर्थ, असा सगळा भार त्यावरच टाकतो. कबरेपाशी मत्तय एक देवदूत सांगतो, मार्क एक तरुण, लूक दोन पुरुष, योहान दोन देवदूत. तपशील हलतात, पण रिकामी कबर, आठवड्याचा पहिला दिवस आणि मग्दालीया मरीया चारही ठिकाणी आहेत. याने काही सिद्ध होत नाही, विश्वास हा विश्वासच राहतो. पण हा विश्वास कोणत्या प्रकारच्या शब्दांवर उभा आहे ते लक्षात येतं. ज्याला पुनरुत्थानही नुसतं प्रतीक वाटतं त्याच्याशी मी प्रेमाने बोलेन, मात्र आपण दोघं एकच गोष्ट मानतो असं म्हणणार नाही.

आदामाबद्दल सावकाश जा. रोम ५ मध्ये पौल आदाम आणि ख्रिस्त समोरासमोर ठेवतो, म्हणून हा धागा उत्पत्तीपुरता राहत नाही. प्रामाणिक ख्रिस्ती विद्वान इथे वेगवेगळी मतं धरतात: कोणी खरोखरचा एक माणूस मानतो, कोणी मानवजातीचा प्रतिनिधी, कोणी आपल्या सगळ्यांचं चित्र. यावर लगेच मत बनवायची गरज नाही. पाप खरं आहे हे कळायला आपल्याला बाहेर कुठे बघायला लागत नाही.

इथवरचं थोडक्यात: आधी शमुवेल-इतिहास, नीतिसूत्रे, करिंथ, मग उत्पत्ती आणि योना, मग पुनरुत्थान, आदाम सवडीने. आठवड्याला एक उतारा पुरे. मधल्या काळात मार्कचं शुभवर्तमान सलग वाचा. विरारहून चर्चगेटला जाताना बसायला जागा मिळाली तर एका प्रवासात बहुतेक वाचून होतं. तुकड्यातुकड्यांनी वचनं ऐकायची सवय असते, त्यामुळे येशू स्वतः शास्त्र कसं हाताळतो ते सुटून जातं. मार्क १०:५ मध्ये तो म्हणतो, घटस्फोटाची ती आज्ञा मोशेने तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे लिहिली. म्हणजे लिहिलेल्या आज्ञेमागचं माणसाचं दुबळेपण तो उघड सांगतो, आणि तिच्या पलीकडच्या देवाच्या इच्छेकडे जातो. लूक १०:२६ मध्ये नियमशास्त्राच्या पंडिताला तो दोन गोष्टी विचारतो: काय लिहिलंय, आणि तुझ्या वाचनात काय आलं?

काय बिघडतं तेही सांगतो. शब्दशः वाचन सोडलेला माणूस बहुधा तीनपैकी एका ठिकाणी घसरतो. एक, तो फक्त आवडती वचनं ठेवतो. क्षमेचं वचन देवाचं आणि धनवानांविरुद्धचं त्या काळापुरतं, असं सोयीचं वाचन सुरू होतं. दोन, तो प्रार्थना थांबवतो आणि नुसता वाद वाचतो. काही महिन्यांत शास्त्र त्याच्यासाठी चुकांची यादी होऊन बसतं. म्हणून वहीतला अभ्यास आणि रोजची स्तोत्रं वेगळी ठेवा. रोज एक स्तोत्र, काहीही न तपासता, प्रार्थना म्हणूनच. स्तोत्र १३७ च्या शेवटासारखं भयंकर वचन आलं तरी ते गाळू नका. बंदिवान लोकांचा संताप देवापुढे ओतलेला आहे म्हणून वाचा, आज्ञा म्हणून नव्हे. तीन, तो घरच्यांना तुच्छ लेखायला लागतो. हे तिसरं सगळ्यात वाईट.

आईच्या प्रश्नाकडे म्हणूनच आता येतो. आपल्यापैकी अनेकांची घराणी नगर-जालन्याकडून आली. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्यांना या पुस्तकाने सांगितलं की तुम्ही देवाची लेकरं आहात. कित्येक आज्या अक्षर शिकल्या त्या हेच वाचायला. त्यांच्यासाठी ‘शास्त्रात चूक आहे’ हे वाक्य म्हणजे ‘तुला मिळालेला मान खोटा होता’ असं ऐकू येतं. शिवाय आपण थोडे आहोत. शेजारीपाजारी कोणी टोमणा मारेल ही धास्तीही असते. म्हणून आईपुढे योनाच्या माशापासून सुरुवात करू नका. तिने थेट विचारलं तर खोटं बोलू नका. एवढं सांगा: ‘आई, देवानेच सगळं केलं हे मी मानतो. कसं केलं याबद्दल मला वेगळं वाटतं. येशूला मी सोडलेलं नाही.’ आणि घरच्या प्रार्थनेला रोज बसा. वाक्यापेक्षा तिला ते बसणं जास्त सांगेल.

यात एकटं वाटलं तर पंडिता रमाबाई आठवा. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून सिद्धांतांवर सडेतोड वाद घातला, विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करायला नकार दिला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, आणि पुढे अखेरची वर्षं मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. उत्पत्तीबद्दल त्यांचं मत माझ्यासारखं होतं असा माझा दावा नाही. प्रश्न विचारणारी व्यक्ती या पुस्तकाच्या किती जवळ राहू शकते, ते मात्र तिथे दिसतं.

मंडळीत किती बोलायचं हे मंडळीवर अवलंबून आहे. सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सारख्या मंडळीत सेरामपूर विद्यापीठाशी संलग्न सेमिनरीतून बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी घेतलेले पाळक असतील, तर हे सगळं त्यांच्या अभ्यासक्रमात होतं. व्यासपीठावरून ते बोलत नसले तरी घरी भेटल्यावर बोलतात. उपासनेनंतरच्या गर्दीत विचारू नका, वेळ मागून भेटा. ‘उत्पत्ती खोटं आहे का?’ असं विचारलंत तर त्यांना बचाव करावा लागेल. ‘पाळकसाहेब, २ शमुवेल २४ आणि १ इतिहास २१ तुम्ही एकत्र कसे वाचता?’ असं विचारा. स्वतंत्र मंडळीत, जिथे सेवेसाठी लेखी विश्वासपत्रावर सही घेतात, तिथे सही करण्याआधी वाचा आणि न पटणारं कलम पुढाऱ्यांना सांगा. मग सेवा मिळाली नाही तरी चालेल. शब्बाथशाळा शिकवत असाल तर मुलांना नोहाची गोष्ट पूर्ण, रंगवून सांगा. हे विज्ञानाने सिद्ध झालंय असं म्हणू नका, आणि असं घडलंच नाही असंही सात वर्षांच्या मुलाला सांगू नका. उपासनेत शास्त्रपाठाची पाळी आली तर वाचायला अजिबात कचरू नका.

मंडळी बदलायची घाई नको. तुम्ही प्रश्न विचारता हे पुढाऱ्यांना आवडत नाही, एवढं कारण पुरेसं नाही. प्रश्न विचारला म्हणून तुमच्यासाठी भुताखेतांची सुटका प्रार्थना ठेवली, घरच्यांना तुमच्याशी बोलू नका असं सांगितलं, किंवा प्रभुभोजन नाकारलं, तर मात्र निघा. निघण्याआधी दुसऱ्या मंडळीत निदान दोन-तीन महिने रविवारी बसून पाहा, तिथल्या पाळकांना आधीच सगळं खरं सांगा, आणि जुन्या मंडळीतून भांडण न करता सभासदत्वाचं पत्र मागून घ्या. लग्न, मुलांचा बाप्तिस्मा, घरातल्या कोणाचं दफन, या वेळी ते पत्र लागतं, आणि ऐनवेळी ते मागायला जाणं तुमच्या आईला जास्त जड जाईल.